५६० पीएस, दोन चाइल्ड सीट आणि पुण्याहून येणारे आईबाबा

प्रश्न : नमस्कार. आम्ही काही वर्षांपासून स्टुटगार्टजवळ राहतो. मुलं दोन, मुलगा सहा वर्षांचा, मुलगी दोन वर्षांची. आईबाबा दर उन्हाळ्यात पुण्याहून तीन महिन्यांसाठी येतात. सध्या २०१७ची ऑक्टाव्हिया कॉम्बी (लांब डिकीची इस्टेट गाडी) आहे, १५० पीएसची (अश्वशक्तीची) डिझेल. गाडीत खोट काही नाही, पण चालवताना मजाही नाही. कॉलेजात असल्यापासून माझा जीव ५६० पीएसच्या ऑडी आरएस६ अव्हान्टवर (अव्हान्ट म्हणजे ऑडीची कॉम्बी) आहे. २०१५ची, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली एक गाडी खासगी विक्रेत्याकडे ५२ हजार युरोला मिळतेय. जवळ एकूण ५५ हजार आहेत. बायको म्हणते, हे खूळ आहे. मी म्हणतो, शेवटी कॉम्बीच आहे, घराला उपयोगीच पडेल. घ्यावी का? तिच्यात बिघडतं काय? आणि याहून शहाणपणाचा काही पर्याय आहे का?

उत्तर : निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. ही गाडी, या पैशांत, घरातली एकुलती एक गाडी म्हणून घेऊ नका. ५२ हजार विक्रेत्याच्या हातावर ठेवलेत की तुमच्याजवळ तीन हजार उरतील, आणि या गाडीचं एकही मोठं काम तीन हजारांत होत नाही. ही गाडी २०१३ साली बाजारात आली तेव्हा जर्मनीत तिची किंमत सुमारे १ लाख ८ हजार युरोपासून सुरू होत होती. आज ती निम्म्या भावात मिळते, पण तिचे सुटे भाग निम्म्या भावात मिळत नाहीत. टायर, ब्रेक, टर्बो आणि मजुरी सगळं अजून लाखाच्या गाडीच्या हिशोबानेच येतं. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे.

तुमची आवड मात्र चुकीची मुळीच नाही. तुम्ही राहता तो भागच या गाड्यांचं माहेर आहे. १९९४ साली ऑडीने ८० अव्हान्टमध्ये २.२ लिटरचं, पाच सिलिंडरचं टर्बो इंजिन ३१५ पीएसपर्यंत नेऊन बसवलं आणि ती गाडी घडवायला पोर्शेला हाताशी धरलं. ब्रेक आणि चाकं पोर्शेची, जोडणी त्सुफेनहाउसेनच्या कारखान्यात. ती आरएस२. तीन हजारांहूनही कमी निघाल्या, पण दणकट इंजिनाची घरगुती कॉम्बी ही कल्पना तिने पक्की रुजवली. तुम्ही बघताय ती आरएस६ नेकार्सउल्मला बनली आहे, आणि हिची थेट स्पर्धक, मर्सिडीजची ई६३ टी-मॉडेल ही कॉम्बी, ज्यांनी घडवली ते एएमजी अफाल्टरबाखला. सगळं तुमच्यापासून तासाभराच्या आत.

या गाड्यांचं खरं आकर्षण शून्य ते शंभरच्या आकड्यात नाही. ३.९ सेकंद ऐकायला छान वाटतात, पण मुलं मागे बसलेली असताना तो आकडा वर्षातून एकदाही वापरात येत नाही. कामाला येतं ते ७०० न्यूटन मीटरचं टॉर्क, तेही १७५० आरपीएमपासून. गाडी भरलेली आहे, छतावर पेटी आहे, समोर आल्प्सचा चढ आहे, आणि ट्रकच्या मागून ८०वरून १२०वर जाऊन सुखरूप पुन्हा आपल्या लेनमध्ये यायचंय, अशा वेळी गिअरबॉक्सला दोन-तीन गिअर खाली ओरडत जावं लागत नाही. तुमची ऑक्टाव्हिया हे करते, पण तिला वेळ लागतो आणि तो वेळ तुम्ही उलट्या लेनमध्ये घालवता. एवढ्या ताकदीचा हा एक प्रामाणिक, रोजचा फायदा आहे.

दुसरा फायदा उंचीचा. हिचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन एसयूव्हीत बसवलं की वजन वाढतं, गुरुत्वमध्य वर जातो, समोरून हवा जास्त अडते, आणि मग त्या वाढीव वजनाला आवरायला आणखी रुंद टायर, आणखी मोठे ब्रेक, आणखी कडक सस्पेन्शन लागतं. कॉम्बीत सामान बुडाशी, मागच्या ॲक्सलच्या जवळपास राहतं. एअर सस्पेन्शन असेल तर बूट (डिकी) भरला तरी मागची बाजू बसत नाही, दिव्यांचा झोत वर जात नाही, आणि १६० च्या वेगातही गाडी रस्त्याला धरून असते. ज्यांनी भरलेली गाडी ए८ महामार्गावर उल्मपासून आउग्सबुर्गपर्यंत चालवली आहे त्यांना यातला फरक वेगळा सांगावा लागत नाही. क्वात्रोचं, म्हणजे ऑडीच्या फोर-व्हील-ड्राइव्हचं, मधलं डिफरन्शियल एरवी ४० टक्के जोर पुढे आणि ६० टक्के मागे देतं, आणि पकड सुटेल तसं हे प्रमाण आपोआप बदलतं. बर्फातल्या चढावर या रचनेची किंमत कळते.

आता वहिनींच्या बाजूचा हिशोब. तो पैशांपासून नाही, माणसं मोजण्यापासून सुरू होतो. तुम्ही दोघं, मुलं दोन, आईबाबा दोन. सहा. पाच आसनांच्या कोणत्याही कॉम्बीत सहा माणसं बसत नाहीत, मग ती ५६० पीएसची असो की ११० ची. शिवाय या पिढीच्या आरएस६मध्ये मागे मुळात दोनच स्वतंत्र सीट यायच्या. तिघांचं बाक गाडी मागवताना निवडून घ्यावं लागे. म्हणजे तुम्ही बघताय ती गाडी चारच आसनांची असू शकते. फोटोवरून चटकन ध्यानात येत नाही. विक्रेत्याकडून फारत्सॉइगशाइनचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा) फोटो मागवा आणि एस.१ हा रकाना बघा. तिथे आसनांची संख्या छापलेली असते. ४ असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, ही गाडी तुमच्या कामाची नाही. ५ असेल तरी मागच्या दोन्ही कडांना चाइल्ड सीट लावल्यावर मधे उरलेल्या जागेत मोठ्या माणसाने बसायचं म्हणजे अर्धं अंग मधल्या उंचवट्यावर. तिथे बाबांना म्युनिकपर्यंत बसवू नका.

त्याच कागदावर आणखी एक बेरीज-वजाबाकी करा. एफ.२ या रकान्यात गाडीचं कमाल परवानगीचं वजन असतं, ‘जी’ (G) या रकान्यात रिकाम्या गाडीचं, ७५ किलोचा चालक धरून. एफ.२मधून ‘जी’ वजा केलं की सामान आणि इतर माणसांसाठी किती किलो उरतात ते कळतं. ‘जी’मधला आकडा पुष्कळदा मूळ गाडीचा असतो. पॅनोरमिक काचेचं छत, मोठी म्युझिक सिस्टीम, गाडी ओढण्याचा हुक असल्या वाढीव गोष्टींचं वजन त्यात पुरतं धरलेलं नसतं, म्हणून हाती आलेल्या उत्तरातून ५०–७० किलो आणखी कमी करा. छतावरची पेटी आणि तिच्यातलं सामान याच उरलेल्या किलोंत मोडतं. जड, भरगच्च सजवलेल्या गाड्यांत ही बेरीज लोकांच्या अंदाजाआधीच संपते.

बूटचं म्हणाल तर आरएस६चा बूट ५६५ लिटर. तुमच्या ऑक्टाव्हियाचा ६१०. हे वाचून थोडं वाईट वाटेल, पण खरं आहे. अव्हान्टची मागची काच उतरती आहे, त्यामुळे बाबागाडी उभी ठेवली की झाकण टेकतं. ‘शेवटी कॉम्बीच आहे’ हा तुमचा युक्तिवाद इथे थोडा लंगडा पडतो: सामानाच्या बाबतीत तुम्ही दुप्पट पैसे देऊन किंचित खाली उतरणार आहात.

आता बिघाड. यात जरा खोलात जातो, कारण जाहिरातीत यातलं काही लिहिलेलं नसतं.

या ४.० लिटर व्ही८मध्ये दोन्ही टर्बो इंजिनाच्या ‘व्ही’च्या आत, सिलिंडरच्या दोन ओळींच्या मधोमध बसवलेले आहेत. फायदा असा की एक्झॉस्टचा रस्ता आखूड होतो आणि टर्बो लवकर जागा होतो. तोटा असा की दोन्ही बाजूंची आच मधे कोंडते. टर्बोंना तेल पोचवणाऱ्या वाटेवर एक लहानशी बारीक जाळी आहे. इंजिन बंद केल्यावर तिथलं तेल तापून करपतं, त्याची काजळी जाळीत अडकते, आणि हळूहळू टर्बोच्या बेअरिंगला तेल कमी पडायला लागतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे मारतो. तेलाची धार बारीक झाली की बेअरिंग झिजतं, दांडा हलतो, चाकाची पाती आवरणाला घासतात. आधी शिट्टीसारखा किंवा सायरनसारखा, वेगाबरोबर चढत जाणारा आवाज येतो, मग ताकद कमी होते, मग निळा धूर. ऑडीने पुढे मोठ्या छिद्रांची सुधारित जाळी काढली, आणि अमेरिकेत रीतसर रिकॉल करून गाड्यांचं हे काम केलं. जाळी स्वतः स्वस्त आहे. पण ती ज्या कोपऱ्यात आहे तिथवर हात पोचवायला लागणारी मजुरी स्वस्त नाही, आणि टर्बो गेलेच तर दोन टर्बो, गास्केटं आणि मजुरी मिळून बिल दहा हजार युरोंच्या घरात जातं.

म्हणून कोणत्याही ४.० टीएफएसआयबद्दल (ऑडीचं या इंजिनाचं नाव) पहिला प्रश्न एकच: जाळी बदलली आहे का, आणि त्याचं बिल दाखवा. ‘अधिकृत सर्व्हिसच आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. चॅसी नंबर घेऊन एखाद्या ऑडी वर्कशॉपला विचारा की या गाडीवर कोणती कारखान्याची कामं प्रलंबित आहेत आणि कोणती झाली. दुसरा प्रश्न तेलाच्या अंतराचा. लाँगलाइफ पद्धतीत ३० हजार किलोमीटर किंवा दोन वर्षं चालतं, आणि कागदोपत्री ते नियमात आहे. पण करपलेलं तेल हेच जिथे दुखण्याचं मूळ, तिथे दोन वर्षं तेच तेल फिरवणं म्हणजे जाळीला खतपाणी घालणं. ज्या मालकाने दर वर्षी किंवा दर १० हजारांनी तेल बदललंय त्याच्या गाडीला दोन-तीन हजार जास्त द्यावेत असं आमचं ठाम मत आहे. एका वेळी आठ-नऊ लिटर तेल लागतं. महाग वाटतं म्हणून लोक लांबवतात, आणि तिथेच फसतात.

सस्पेन्शनमध्ये दोन प्रकार आहेत आणि जाहिरातीत दोन्हींना ‘स्पोर्ट’ म्हणतात. एक एअर सस्पेन्शन. त्याचे रबरी बेलो (हवेच्या पिशव्या) वयाने चिरतात, हवा झिरपते, आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालत राहून शेवटी स्वतः जळतो. ओळख सोपी: रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. दुसरा प्रकार डीआरसी, म्हणजे कर्णरेषेतले दोन-दोन डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडलेले. पुढचा डावा मागच्या उजव्याशी, पुढचा उजवा मागच्या डाव्याशी. यामुळे ब्रेक मारताना गाडी नाक खुपसत नाही आणि वळणावर कलंडत नाही. पण एका डॅम्परमधून गळती झाली की त्याच्या जोडीदाराचाही दाब जातो, गतिरोधकावरून जाताना ठोके ऐकू येतात, आणि पुन्हा भरायला व्हॅक्यूम आणि दाबाचं खास यंत्र लागतं, जे गल्लीतल्या गॅरेजमध्ये नसतं. म्हणूनच पुष्कळ मालक डीआरसी काढून साधे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डॅम्परची जोडी) बसवतात. तसं केलेलं असेल तर ते कागदात नोंदवलंय का बघा. नोंद नसेल तर गाडीची परवानगीच धोक्यात येते आणि अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. तुमच्या घरासाठी, मागे मुलं आणि सामान असताना, एअर सस्पेन्शनच बरं.

ब्रेकबाबत जाहिरातीतला एक आकडा नीट वाचा: कमाल वेग ३०५. ही गाडी मुळात २५०वर अडवलेली असते. ३०५चं पॅकेज असेल तर बहुतेक वेळा पुढे ४२० मिलिमीटरच्या सिरॅमिक डिस्क असतात. त्या हलक्या असतात, धूळ टाकत नाहीत आणि रस्त्यावरच्या वापरात फार वर्षं टिकतात. पण चाक बदलताना रिम डिस्कच्या कडेवर आपटला की कपचा उडतो, आणि चारही बदलायची वेळ आली तर बिल पाच आकडी येतं. सिरॅमिक डिस्कची झीज जाडीवरून कळत नाही. डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं आणि ती काढून तोलावी लागते. खरेदीआधीच्या तपासणीत हे करून घ्या, नाहीतर साध्या पोलादी, ३९० मिलिमीटरच्या डिस्कची गाडी शोधा. पोलादी डिस्क आणि पॅड पुढे-मागे मिळून दोन-तीन हजारांचं काम आहे, आणि तुमच्या वापराला त्या पुरून उरतात.

टायर २० किंवा २१ इंची. २१ मध्ये माप २८५/३० आर२१. चार टायरचे १२०० ते १६०० युरो धरा, आणि तेही २०–२५ हजार किलोमीटरपुरते. क्वात्रोमुळे चारही टायरची झीज सारखी ठेवावी लागते. एक पंक्चर होऊन फुकट गेला की पुष्कळदा जोडी किंवा चारही घ्यावे लागतात. सुटं चाक मिळत नाही, फक्त पंक्चर बंद करायचा डबा. शिवाय हिवाळ्याचा वेगळा संच. ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या एम+एस शिक्क्याचे टायर हिवाळी म्हणून चालत नाहीत, डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह लागतं. विक्रेता ‘विंटर टायर फुकट देतो’ म्हणाला तर बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: २३१७ म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. असे टायर फुकटही नकोत.

बाकीच्या गोष्टी पटकन. आठ गिअरच्या ऑटोमॅटिकचं तेल ‘आयुष्यभराचं’ म्हणतात, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ते ८० हजार ते १ लाख २० हजारांच्या दरम्यान बदलायला सांगते. तुमची गाडी नेमकी तिथे आहे, तेव्हा बिल मागा. थेट इंधन फवारणीमुळे इन्टेक व्हॉल्व्हवर काजळी साठते. गार इंजिन अडखळलं तर हे कारण असू शकतं. कूलंटची पातळी आणि थर्मोस्टॅटजवळचे गुलाबी डाग बघा. आणि चिप ट्यूनिंग. हे इंजिन नुसत्या सॉफ्टवेअरने ७०० पीएसला पोचतं, त्यामुळे लाखभर किलोमीटर झालेली अस्पर्श गाडी मिळणं कठीण. विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात, पण ऑडीच्या यंत्रणेत गाडीवर टीडी१ अशी ट्यूनिंगची खूण बसलेली असेल तर अधिकृत वर्कशॉपला ती दिसते. त्यांनाच विचारा.

चालवण्याचा खर्च धरू. वर्षाला १५ हजार किलोमीटर, संसारी माणसाच्या उजव्या पायाने शंभर किलोमीटरला १४ लिटर. हलक्या भारावर हे इंजिन आठांपैकी चार सिलिंडर बंद ठेवतं, म्हणून १४; नाहीतर ऑटोबानवर पाय दाबला की २० सहज. वर्षाचे २१०० लिटर, ९८ ऑक्टेनचं पेट्रोल १.९० युरोने धरलं तर चार हजारांच्या आसपास. तुमची डिझेल गाडी याच अंतराला चौदाशेच्या आत भागवते. रस्ता कर मात्र लोकांना वाटतो तितका जबर नाही: २०१५ची, किलोमीटरला २२३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडणारी गाडी असेल तर इंजिनाचे ८० आणि कार्बनचे २५६, एकूण ३३६ युरो. विम्याचा आकडा तुमच्या विनाअपघात वर्षांवर आणि पत्त्यावर अवलंबून आहे, फारत्सॉइगशाइनच्या २.१ आणि २.२ रकान्यांतले क्रमांक टाकून गाडी बघायला जाण्याआधीच भाव काढा. फोलकास्कोशिवाय (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या पूर्ण विम्याशिवाय) ही गाडी ठेवू नका. या सगळ्याशिवाय दर वर्षी तीन हजार दुरुस्तीसाठी बाजूला पडायला हवेत, आणि पहिल्या दिवशी दहा ते बारा हजार राखीव असायला हवेत. तुमच्याकडे ६५ हजार असते तर आमचं उत्तर वेगळं झालं असतं.

खासगी विक्रेता हाही मुद्दा आहे. तो करारात दोषांची जबाबदारी नाकारू शकतो, आणि मग महिन्याभरात टर्बो गेला तर तुम्ही आणि तुमचं नशीब. डीलरला जुन्या गाडीवरही किमान एक वर्ष जबाबदारी घ्यावी लागते, आणि २०२२ पासून पहिल्या बारा महिन्यांत निघालेला दोष आधी नव्हता हे सिद्ध करायचं काम त्याचं. या वर्गातल्या गाडीला डीलरकडे तीन-चार हजार जास्त पडले तरी ते वाया जात नाहीत. वर विकली जाणारी वॉरंटी मात्र बारीक अक्षरांसकट वाचा: पुष्कळ करारांत मजुरी पूर्ण मिळते पण भागांची किंमत किलोमीटरनुसार घटत जाते, आणि १ लाख १८ हजारांवर ती बरीच घटलेली असते.

वेगाबद्दल एक गोष्ट मनापासून. जिथे मर्यादा नाही तिथेही १३० हा शिफारशीचा वेग आहे, आणि जर्मन सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२च्या निकालापासून त्याहून वेगात असताना अपघात झाला तर चूक समोरच्याची असली तरी नुकसानीतला वाटा तुमच्या अंगावर येऊ शकतो. दोन सिग्नलमध्ये दुसऱ्या गाडीशी लावलेली चढाओढ २०१७ पासून गुन्हा आहे, आणि त्यात गाडी जप्त होऊ शकते. ऑस्ट्रिया मार्च २०२४ पासून अतिवेगासाठी गाडी जागीच काढून घेतो आणि पुढे तिचा लिलावही करू शकतो. तुम्ही असं काही कराल असं म्हणत नाही. पण या गाडीत १८० ला ११० सारखं वाटतं, आणि मागे मुलं झोपलेली असताना ते ध्यानात येत नाही, हीच काळजी आहे. कधी परत जाताना गाडी भारतात न्यायचा विचार मनात असेल तर तोही सोडा. डावीकडे स्टीअरिंग असलेली गाडी तिथे आयात होत नाही.

मग घ्यायचं काय? तुमच्या घराला बसणारी गाडी आमच्या मते बीएमडब्ल्यू ५४०आय एक्सड्राइव्ह टूरिंग, २०१८ ते २०२० मधली. तीन लिटरचं, सहा सिलिंडर ओळीत असलेलं टर्बो इंजिन, ३४० पीएस, शून्य ते शंभर ५.१ सेकंदांत. बूट ५७० लिटर, मागची काच वेगळी उघडते, म्हणून गच्च भरलेल्या बूटमधून वरची पिशवी झाकण न उघडता काढता येते. मागच्या ॲक्सलला आपोआप उंची सांभाळणारं एअर सस्पेन्शन सगळ्याच गाड्यांना आहे. शंभर किलोमीटरला नऊ-दहा लिटरमध्ये ती भागते. सध्या ३५ ते ४० हजारांत चांगल्या, डीलरकडच्या गाड्या मिळतात, म्हणजे तुमच्याजवळ १५ हजार शिल्लक राहतात. आवाज व्ही८चा नाही, हे मान्य. पण ट्रकच्या मागून सुखरूप बाहेर पडायचं, चढावर गाडी दमवायची नाही, भरल्या गाडीने स्थिर जायचं, हे सगळं ती करते.

आणखी दोन नावं घेतो. एम३४०आय टूरिंग ३७४ पीएसची, जास्त चपळ, पण बूट ५०० लिटरचा आणि मागची जागा आखूड. मुलगी बाबागाडीतून उतरेपर्यंत थांबा. स्कोडा सुपर्ब कॉम्बी, २७२ किंवा २८० पीएस, फोर-व्हील-ड्राइव्ह, ६६० लिटरचा बूट, आणि मागे इतकी जागा की आईबाबांपैकी एक जण चाइल्ड सीटच्या शेजारी बऱ्यापैकी बसेल. शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आत आणि खर्च तुमच्या सध्याच्या गाडीहून फार जास्त नाही. ऑडी एस६ अव्हान्ट स्वस्त दिसेल, पण तिच्यात तेच ४.० लिटरचं इंजिन आणि तीच जाळी आहे, त्यामुळे ती पळवाट ठरत नाही. ई६३ टी-मॉडेलमध्ये जागा जास्त मिळते, बिलं आरएस६सारखीच येतात. आईबाबा असताना सहाही जण एकत्र बाहेर पडणार त्या दिवसांपुरती सात किंवा नऊ आसनी गाडी भाड्याने घ्या. तीन महिने रोजच सहाजण फिरणार असाल तर मात्र कॉम्बीचा विचार सोडून सात आसनी टूरान बघा.

५४०आय बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला इंजिन गार ठेवायला सांगा आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. ऑइल फिल्टरच्या बुडाशी ओलसरपणा आहे का, कूलंट कमी झालंय का, आणि मागची बाजू एका अंगाला बसलीय का, हे तीन मुद्दे त्या गाडीचे. डेक्रा, ट्यूफ किंवा एडीएसी या संस्थांकडून खरेदीआधीची तपासणी शे-दोनशे युरोंत होते. ती करू न देणाऱ्या विक्रेत्याकडून काही घेऊ नका. चाचणीला घरच्या दोन्ही चाइल्ड सीट आणि बाबागाडी बरोबर न्या, जागेवर बसवून बघा, आणि अर्धा वेळ वहिनींना चालवू द्या.